तिसऱ्या ताऱ्याआधी

पेणच्या खाडीकडच्या मिठागरांत मिठाचे ढीग दिसू लागले, की मार्च आला असे मी धरतो. त्याच सुमारास माझ्या खोलीखालच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती साच्यातून निघू लागतात. पांढऱ्या, ओलसर, ओळीने मांडलेल्या. त्यांचे डोळे आखायला अजून अवकाश असतो. जिना उतरताना मी त्यांच्यासमोरून जातो. त्या पाहत नाहीत, हे मला सोयीचे वाटते.

मार्चमध्ये मला आता काही काम नसते. तरी हात लाल पेन्सिल शोधतो. आयकर खात्यात उभे आयुष्य कारकुनी केली. दुसऱ्यांनी लिहिलेले तपासणे, एवढेच माझे काम. पत्नी गेल्यावर मी मुदतीपूर्वी नोकरी सोडली आणि मुंबईहून इथे आलो. तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. तिचे नाव मी शेवटचे लिहिले ते एका सरकारी अर्जावर. त्यात ‘मयताशी नाते’ असा एक रकाना होता. तो भरला, खाली सही केली, आणि मग बराच काळ मला काहीच लिहावे लागले नाही.

नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते. वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लावलेला दिसला. रोह्याला काही विद्यार्थ्यांनी गरीब लोकांसाठी मोफत आयकर मदत केंद्र काढले होते. रविवारी, शाळेच्या पडवीत. जाणकारांनी मदत करावी, असे खाली लिहिले होते. मजकुरात दोन चुका होत्या. त्या मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या. मग पत्ता उतरवून घेतला.

रविवारची सकाळची पॅसेंजर रिकामीच असे. समोरचे बाक मोकळे, आणि त्यावर खिडकीच्या गजांची सावली. रुळांच्या दोन्ही बाजूंना कापून गेलेल्या भाताची धसकटे आणि मधूनच खळ्यावर वाळत टाकलेले वाल. पुढच्या कोकणात रूळ टाकण्याचे काम तेव्हा नुकते सुरू झाले होते. गाडी रोह्याला संपे. सगळे उतरत. कुठे उतरायचे, याचा विचार करावा लागत नसे. त्या काळात मला तेवढे पुरे होते.

केंद्राची प्रमुख वैशाली नावाची मुलगी होती. वाणिज्य शाखेचे शेवटचे वर्ष. वडील धाटावच्या एका कारखान्यात पाळीवर जात. तिच्या जोडीला प्रमोद. त्याच्याकडे एक लुना होती आणि तोंडाला विश्रांती नव्हती. धाटावचे कंत्राटी कामगार, एक-दोन निवृत्त शिक्षक, विधवा बाया, असे लोक येत. कुणाच्या पगारातून, कुणाच्या व्याजातून कर कापलेला असे. तो भरण्याइतके त्यांचे उत्पन्नच नसे. अर्ज केला की ती रक्कम परत मिळते, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते.

पहिल्याच रविवारी एका कामगाराने घामाने भिजलेला, चार घड्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, “कागद असा आणतात?” त्याने तो उचलला, पुन्हा चार घड्या घातल्या आणि पायऱ्या उतरून चालू लागला. वैशाली धावत गेली आणि त्याला फाटकातून परत घेऊन आली. मग ती माझ्याकडे आली.

“सर, राग मानू नका. तुम्ही आतल्या वर्गात बसायचं. फारम आम्ही भरणार, तुम्ही तपासायचं. लोकांशी बोलायचं नाय.”

“कारण?”

“घाबरतात लोकं. मी पण घाबरते. पण मला सवय हाय, माझे वडील रात्रपाळीचे.”

प्रमोद म्हणाला, “सर एकदा हसले ना, तर परतावा डबल मिळतो म्हणे.”

मी आतल्या वर्गात जाऊन बसलो. बाक दुसरी-तिसरीच्या मुलांचे होते. गुडघे वर येत. दाराच्या फटीतून पडवीतले बोलणे ऐकू येई, आणि मी त्यात नाही, हेही ऐकू येई. फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच असे. भरलेले फॉर्म एकेक करून आत येत, माझी लाल खूण घेऊन बाहेर जात. दुपारी वैशाली डबा आत आणून देई आणि दार पुन्हा लोटून घेई. या व्यवस्थेबद्दल मला तक्रार नव्हती. इतकी वर्षे मी अशाच खोलीत बसलो होतो.

मलकाबाईंचा आवाज मी आधी त्या फटीतून ऐकला.

“गो पोरी, त्या कंपनीवाल्यानं व्याजातनं कापलंय, ते परत मिलंल काय?”

“मिळंल मावशी. कागद असले तर मिळंल.”

“मना दगड ठेवायचाय ह्यांचा.”

“मावशी, कशाला हवेत ते फारमात लिहायचं नसतं.”

“तू लिवू नको. मी सांगनार.”

त्या अष्टमीच्या. रोह्यातून नदीचा पूल ओलांडला की अष्टमी. कोकणातल्या यहुदी लोकांपैकी. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत. नऊवारी लुगडे, जाड काचांचा चष्मा, त्याच्यामागे मोतीबिंदू. यजमान शालोमभाऊ, घाणा चालवीत. तो बंद पडला, तेव्हा जागेसकट विकला आणि आलेले पैसे मुंबईतल्या एका कंपनीत ठेव म्हणून ठेवले. पुढे ते वारले. दोन्ही मुलगे इस्रायलला गेले होते. मे महिन्यात आईलाही तिकडे न्यायचे ठरले होते. ठेव तिकिटांत आणि बाकीच्या तजविजीत संपली. राहिला तो व्याजातून कापलेला कर. तेवढ्यात एक दगड होत होता. गावाबाहेर त्यांचे कबरस्तान आहे. तिथे शालोमभाऊंच्या जागेवर अजून नुसती माती होती. मलकाबाई गेल्या की ती जागा कुणाची, हे सांगणारे अष्टमीत कुणी उरणार नव्हते.

मुलांकडे मागत का नाही, असे वैशालीने विचारले. “बायकोनं ठेवायचा दगड,” त्या म्हणाल्या. “मागून आनलेला ठेवत नाय.”

आमच्यात दगड ठेवत नाहीत. पत्नीच्या अस्थी मी नाशिकला नेऊन पाण्यात सोडल्या. पाण्याला खूण नसते. तिथे परत जाऊन कुठे उभे राहावे, हे मला ठरवता आले नाही, म्हणून मी गेलो नाही. मलकाबाईंचा फॉर्म मी त्या दिवशी दोनदा तपासला.

अडचण एक होती. कंपनीचा कर कापल्याचा दाखला मुंबईहून यायचा होता. त्याशिवाय आकडे भरता येत नव्हते. आणि त्या वर्षाच्या परताव्याची मुदत मार्चअखेर संपत होती. शेवटच्या आदल्या रविवारी वैशाली म्हणाली, “सर, मावशींची सही घेऊन ठेवू या. आकडे मागाहून भरू.”

मी म्हणालो, “कोऱ्या कागदावर सही घ्यायची पद्धत माझ्याकडे नाही.”

बरोबरच होते ते. आजही कुणी विचारले तर मी तेच सांगेन. पण त्या एका वाक्याने पुढचे सगळे झाले.

त्या वर्षी महिनाअखेर रविवारी येत होती. आयकराची कचेरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शेवटचा दिवस म्हणून रविवारी सकाळी तिची खिडकी थोडा वेळ उघडी राहणार होती. रोह्याहून सकाळच्या पहिल्या गाडीने निघून ती गाठणे शक्य नव्हते. पेणहून पहाटेच्या एसटीने शक्य होते. तेव्हा सगळे फॉर्म शनिवारी संध्याकाळी माझ्याबरोबर पेणला न्यायचे ठरले होते. त्यासाठी केंद्र शनिवारीही उघडले.

दाखला शनिवारच्या टपालाने आला. मी आकडे भरून घेतले, बेरीज तपासली, आणि वैशालीने अष्टमीला निरोप धाडला. चार वाजता मलकाबाई पूल ओलांडून चालत आल्या. शनिवारी त्या वाहनात बसत नसत. त्या आल्या होत्या ते सही उद्या करते, एवढे सांगायला.

मी आतल्या वर्गातून बाहेर आलो. “उद्या चालणार नाही,” मी म्हणालो. “आत्ता करा.”

“आज शनवार हाय, भाऊ.”

“एक सही. त्यात काम कसले आहे?”

“शनवारी लिवायचंच नसतं, तर येक अक्षर काय न् धा काय.”

“मग दगड राहील.”

वैशालीने माझ्याकडे पाहिले. मलकाबाई मात्र शांत होत्या.

“राहील तर राहील. त्यांनी शनवारी कदी घाना जुपला नाय. गिऱ्हाइक दारात हुबं राहून शिव्या घाली. आता त्यांच्या दगडासाठी मी शनवार मोडला, तर त्यो दगड उचलून मनाच मारतील.”

प्रमोद हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला.

शनवार तेली हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पेणच्या बाजारात, आजोळी, सगळीकडे. पण तो शनिवार कुणाचा तरी असतो आणि तो पाळायला काही सोसावे लागते, हे माझ्या कधी मनात आले नव्हते. आदल्याच रविवारी ही सही सहज घेता आली असती. मी नको म्हणालो होतो. तपासनिसाची चूक तपासायला कुणी नसते.

“शनिवार केव्हा संपतो?” मी विचारले.

“तीन तारे दिसले का सुटला.”

गाडी साडेसातची होती. स्टेशनपर्यंत लुनावर दहा मिनिटे. मी म्हणालो, “थांबू.”

वैशालीला धाटावची बस गाठायची होती. सोमवारपासून तिची परीक्षा होती. जाताना ती माझ्या कानाशी म्हणाली, “सर, त्यांच्याशी बोला आता. परवानगी हाय.” प्रमोद फाटकाशी लुनावर बसून राहिला. पडवीत आम्ही दोघे उरलो. फॉर्म बाकावर होता, त्यावर वाऱ्यासाठी माझा चष्म्याचा डबा.

बऱ्याच दिवसांत मी कुणाशेजारी नुसता बसलो नव्हतो. नदीकडून वारा येत होता. शाळेमागच्या आंब्याला लहान कैऱ्या धरल्या होत्या. त्यांतली एखादी कौलांवर पडे, घरंगळत खाली येई.

मलकाबाईच बोलल्या. “पाथरवट काय म्हनतो ठाव हाय? म्हनतो, घान्याचा दगड पडून हाय तुमच्या परड्यात, त्योच ठेवा, फुकाट काम होईल. मी म्हटलं, मेल्या, जन्मभर त्याच्याभवती फिरला मानूस. आता तरी सुटू दे.”

मी हसलो असावा. त्या माझ्याकडे वळल्या.

“तुमची मंडली?”

“नाही. वारली.”

“दगड?”

“आमच्यात नसतो.”

“मंग जाता कुठं?”

मी आकाशाकडे पाहिले. अजून उजेड होता.

“तिकडे जायला हवेच का?” मी विचारले. विचारायचे कारण नव्हते.

“इथं राहून करू काय? आमची मानसं जमतात तेव्हा धा पुरुष लागतात प्रार्थनेला. आता अष्टमीत धा सोडा, तीन बाया उरल्या. त्यांतली येक भैरी.” मग म्हणाल्या, “पोरगा म्हनतो, तिकडं शनवारी समदं गावच बंद असतं. मना काय कौतुक? इथं समदं गाव चालू असताना बंद ठेवलं आमी.”

सूर्य गेला. कावळे आंब्यावर उतरून गप्प झाले. सात वाजून पाच मिनिटांनी पहिला तारा डोक्यावर दिसला. मी तसे सांगितले. त्यांनी मान हलवली. वर पाहिले नाही.

“मना काय दिसत नाय, भाऊ. तुमी सांगाल तेवढे तारे. पन खरं सांगा. चूक झाली तर तुमच्या माथी.”

थोड्या वेळाने दक्षिणेला दुसरा आला. मी सांगितला. मग काहीच नाही. धाटावच्या बाजूला धुरकट पट्टा होता. उरलेले आकाश राखेच्या रंगाचे आणि रिकामे. मी ते एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओळीने तपासले, जसा जमाखर्च तपासतात तसे. सव्वासातला तीन मिनिटे होती. मग एक.

फाटकातून प्रमोद ओरडला, “सर, गाडी चुकली तर मी सोडनार नाय हां! लुना नागोठण्यापर्यंत पन पोचायची नाय!”

“तिसऱ्याला उशीर हाय आज,” मलकाबाई म्हणाल्या.

मी आणखी एकदा वर पाहिले. दोनच होते.

“तीन,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले, हिब्रूत प्रार्थनेचे काही शब्द पुटपुटल्या आणि पेनासाठी हात पुढे केला. मी टोपण काढून पेन हातात दिले, बोट कुठे टेकवायचे ते दाखवले. त्यांनी सही केली. अक्षर सुरेख, शाळेत गिरवलेले. त्यांना बराच वेळ लागला. त्या लिहीत असताना मी पुन्हा वर पाहिले. दोनच.

फॉर्म पिशवीत घातला आणि मी लुनावर बसलो. त्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. “सावकाश जावा,” म्हणाल्या. गाडी मिळाली. डबा रिकामा होता. रोहा मागे पडल्यावर खिडकीतून पाहिले, तर तारे पुष्कळ होते. त्यांतला तिसरा कोणता, ते सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्म खिडकीत दिले. शिक्का पडला. कारकुनाने मलकाबाईंचा फॉर्म उलटून पाहिला. सगळे रकाने बरोबर होते.

नोकरीत असताना मी एकही खोटी नोंद केली नाही. हे मी अभिमानाने सांगत असे. त्या दिवसानंतर सांगणे सोडले. कुणी विचारतही नव्हते.

मे महिन्यात निघण्यापूर्वी एका रविवारी त्या केंद्रात आल्या. परीक्षा संपून निकालाची वाट पाहणारी मुले जुने कागद आवरत होती. परतावा वैशालीच्या पत्त्यावर येणार होता. तो त्यांच्या खात्यात भरल्यावर पाथरवटाला द्यायचा चेक सही करून त्यांनी माझ्याकडे दिला. बरोबर एक कागद होता. त्यावर हिब्रू अक्षरांत दोन ओळी आणि खाली मराठीत एक.

“अक्षरं तपासून घ्या,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुनावर सोडनार नाय मी. तुमी खोटं चालवून घेत नाय, येवढं मी वलखलं.”

तेव्हा बोलायला हवे होते. पडवीत गर्दी नव्हती. मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

“आनि कदी गेलात तर येक खडा ठेवा त्यांच्यावर. आमच्यात ठेवतात. कुनीतरी येऊन गेलं, असं कलतं.”

दिवाळीनंतर दगड बसला. पाथरवटाच्या शेजारी उकिडवा बसून मी अक्षरे तपासली. उजवीकडून डावीकडे, कागदावर एकेका अक्षराला लाल खूण करीत. दुसऱ्या ओळीत एका अक्षराचे टोक त्याने अर्धेच सोडले होते. ते मी दाखवले. तो म्हणाला, “काका, तुमाला वाचता येतं हे?” नाही, मी म्हणालो. त्याने छिन्नी उचलली आणि टोक पुरे केले. मला न वाचता येणाऱ्या लिपीतली चूक मी काढली. डोक्यावरच्या आकाशात मात्र मला एक तारा जास्त दिसला होता.

दगडाचा फोटो पाठवला. उत्तर आले, कुणाकडून तरी लिहवून घेतलेले. दगड सरळ बसला आहे, त्या खुशाल आहेत, तिकडे आंबा मिळत नाही. मी त्यांना एक पत्र लिहिले. शनिवार तुमचा मोडला आहे, मोडणारा मी, असे त्यात होते. लिहिले, तपासले आणि ठेवून दिले. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिले. भाषा जास्त नीट झाली, एवढेच. तिसऱ्या वेळेला ते पाकिटात घातले होते, तिकिटेही लावली होती. त्याच आठवड्यात मुलाचे पत्र आले. आई शनिवारी गेली, असे त्याने लिहिले होते. संध्याकाळी, की त्याआधी, ते लिहिले नव्हते.

केंद्र दोन वर्षे चालले. मुले पास झाली, पांगली. पडवीत पुन्हा पोरांच्या चपला आल्या. रोह्याच्या पुढे गाड्या जाऊ लागल्या. आता तिथे गाडी थांबते आणि सुटते, आणि उतरायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. वैशाली रोह्यातच करसल्लागार आहे. तिच्या कार्यालयात कागद जवळजवळ नाहीत. मागे एकदा मी विचारले, सही कुठे घेता? “सर, सही लागत नाय आता. फोनवर आकडे येतात, ते टाकायचे.” मी मान हलवली. तिला त्या संध्याकाळचे मी कधी सांगितले नाही. तिला वाटते, सर जुन्या ओळखीपायी कबरस्तानात जातात.

कारण मी जातो. मार्चच्या शेवटच्या शनिवारी, दर वर्षी. पूर्वी पूल चालत ओलांडीत असे. हल्ली वैशाली रिक्षा सांगून ठेवते. कबरस्तानाची भिंत एका बाजूने खचली आहे. आत गवत, करवंदीची जाळी. काही दगडांवरची अक्षरे झिजून गेली आहेत. शालोमभाऊंची अजून उठून दिसतात. दगड पुसतो. वाटेवरचा एक खडा उचलून ठेवतो. मागच्या वर्षीचा तिथेच असतो, त्याआधीचाही. सगळे माझेच आहेत. दुसऱ्या कुणाचा खडा मला आजवर मिळाला नाही. मग भिंतीवर बसतो आणि तिसरा तारा दिसेपर्यंत थांबतो. त्याने काही फिटत नाही. पण त्या दिवशी जेवढे थांबायचे राहिले, तेवढे थांबतो.

या वर्षीही गेलो. माझे वय आता चौऱ्याऐंशी. रिक्षावाला पन्नाशीचा, अष्टमीचाच. भिंतीपर्यंत त्याने हात धरून नेले. खडा ठेवला. सूर्य गेला. मी वर पाहिले. वर नुसता फिकट, दुधाळ पडदा होता. डोळे पुसले, पुन्हा पाहिले. पहिला ताराही दिसेना. डॉक्टरांनी गेल्या पावसाळ्यात डोळ्यांचे सांगितले होते. मी मनावर घेतले नव्हते.

“आजोबा, चला ना. डास चावतात.”

“तारे किती दिसतात?”

“आँ?”

“तारे. मोजून सांगा.”

“आता तारे मोजायला लावताय व्हय?” तो हसला. रिक्षाकडे पाहिले असावे. थोडा थांबला. “तीन.”

“नीट पाहिले?”

“तीन हायेत, आजोबा. उठा.”

मी वर पाहिले नाही. मलकाबाईंनी तेव्हा हात पुढे केला होता तो पेनासाठी. मी काठीसाठी केला, आणि उठलो.